फोटोच्या फाइलमधला दहा अंकी आकडा: टाइमस्टँपवरून तारीख, तारखेवरून टाइमस्टँप

गूगल फोटोजमधले आपले सगळे फोटो ‘टेकआउट’ करून संगणकावर उतरवले की जवळजवळ प्रत्येक फोटोच्या शेजारी एक छोटी जेसन फाइल येऊन बसते. ती नोटपॅडमध्ये उघडा. ‘फोटो टेकन टाइम’ असं जोडून लिहिलेलं दिसेल आणि त्याच्या आत एक आकडा असेल, त्यालाच टाइमस्टँप म्हणतात. उदाहरणार्थ १६९९७४४९५७. खालच्याच ओळीत गूगलने तो वाचूनही दाखवलेला असतो: ११ नोव्हेंबर २०२३, रात्री ११ वाजून २२ मिनिटं ३७ सेकंद, यूटीसी म्हणजे जगाची प्रमाणवेळ.

समजा हा फोटो दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा आहे. पाट मांडलेला, उटण्याची वाटी, दारात पणत्या. २०२३ साली नरकचतुर्दशी १२ नोव्हेंबरला होती आणि अभ्यंगस्नान पहाटे अंधारातच झालं. मग फाइल त्याला ११ तारखेची रात्र का म्हणते? आकडा बरोबर आहे, फोटोही बरोबर आहे. चुकतं ते आकडा वाचताना. वर्षानुवर्षांचे घरचे फोटो तारीखवार लावताना अशी एकेक दिवसाची चूक शेकडो फोटोंत शिरते आणि नंतर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून हा आकडा स्वतःच्या हाताने सोडवता यायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. बेरीज, भागाकार आणि बाकी एवढं पुरतं.

एक सूचना आधीच देतो. या लेखात अंक आणि अक्षरं मराठीत आहेत. संगणकावर फॉर्म्युला टाइप करताना मात्र इंग्रजी अंक आणि इंग्रजी अक्षरंच वापरा.

हा आकडा मोजतो काय?

१ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री ००:००:०० वाजल्यापासून किती सेकंद उलटले, एवढंच. ही मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे ढोबळमानाने लंडनजवळच्या ग्रिनिचच्या घड्याळाची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. वार गुरुवार होता, आणि तो लक्षात ठेवा, पुढे पडताळणीला लागेल.

ही पद्धत युनिक्स या संगणक प्रणालीतून आली, म्हणून तिला युनिक्स टाइम किंवा इपॉक टाइम म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. तिच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत मोजणी १ जानेवारी १९७१ पासून आणि तीही सेकंदाच्या साठाव्या भागात होती. त्या वेळच्या ३२ बिटांच्या जागेत (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारा एक कप्पा) असे साठांश जेमतेम सव्वादोन वर्षांत भरून जात. पुढे सेकंद हे माप आणि १९७० हा आरंभ कायम झाला. १९७० मध्ये खगोलशास्त्रीय असं काही विशेष नाही, ती निव्वळ सोय होती.

सेकंद मोजण्याचा फायदा असा, की दोन घटनांमधलं अंतर साध्या वजाबाकीने निघतं. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, वर्ष बदललं का, कशाचाच विचार करावा लागत नाही. शिवाय हा आकडा साऱ्या जगात एकच असतो. आपल्या उदाहरणातला फोटो पुण्यात निघाला त्या क्षणी न्यू जर्सीतल्या नातेवाइकांच्या घरी ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळचे ६ वाजून २२ मिनिटं झाली होती. व्हिडिओ कॉलवर दोन्ही घरं एकमेकांना बघत असतील, तरी दोन्हीकडच्या फोनमध्ये साठवलेला आकडा १६९९७४४९५७ च. वेगळी असते ती फक्त दाखवलेली तारीख. आकड्याला गाव नसतं, तारखेला असतं. सगळी गफलत इथेच होते, त्यामुळे रूपांतर करताना प्रत्येक वेळी ‘कुठली वेळ?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

आधी अंक मोजा

आकडा हातात आला की लगेच भागाकाराला बसू नका. आधी त्यात किती अंक आहेत ते मोजा.

दहा अंक असतील तर ते सेकंद. ९ सप्टेंबर २००१ पासून हा आकडा दहा अंकी झाला आणि २२८६ सालापर्यंत दहा अंकीच राहणार आहे, म्हणजे आपल्या हयातीत ही खूण बदलायची नाही. तेरा अंक असतील तर मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. अँड्रॉइड, जावा आणि जावास्क्रिप्ट यांना हेच माप आवडतं. फेसबुकच्या अँड्रॉइड ॲपमधून उतरवलेल्या फोटोंची नावं ‘एफबी_आयएमजी_’ आणि पुढे तेरा अंक अशी असतात, ते मिलिसेकंदच. पण तो आकडा फोटो फोनमध्ये उतरवला त्या क्षणाचा, काढला त्या क्षणाचा नव्हे. आजोबांचा १९८५ सालचा फोटो कुणी फेसबुकवर टाकला आणि तुम्ही तो २०२१ साली सेव्ह केलात, तर नावात २०२१ च निघेल. टेकआउटच्या जेसनमध्येही ‘क्रिएशन टाइम’ नावाचा दुसरा आकडा असतो. तो फोटो गूगलवर चढला तेव्हाचा. तारीख लावायला ‘फोटो टेकन टाइम’ घ्या.

सोळा अंक म्हणजे मायक्रोसेकंद, एकोणीस अंक म्हणजे नॅनोसेकंद. शेवटचे अनुक्रमे तीन, सहा किंवा नऊ अंक झाकले की उरतात ते दहा अंकी सेकंद. फोटोच्या तारखेसाठी झाकलेल्या अंकांचं काही काम नसतं.

नऊ, सतरा किंवा अठरा अंक दिसले तर थांबा. तिथे मोजणीचा आरंभच बहुधा वेगळा असतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

हाताने सोडवू: १६९९७४४९५७

कॅल्क्युलेटर जवळ घ्या. एका दिवसात ८६४०० सेकंद, एका तासात ३६००. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे १९८०० सेकंद. हे तीन आकडे पाठ झाले की निम्मं काम झालं.

पहिली पायरी: आकड्यात १९८०० मिळवा. १६९९७४४९५७ + १९८०० = १६९९७६४७५७. ही बेरीज सगळ्यात आधी करायची. आधी तारीख काढून मग साडेपाच तास मिळवायला गेलात तर मध्यरात्र ओलांडताना दिवस, कधी महिना, कधी वर्षही बदलावं लागतं आणि तिथेच गडबड होते.

दुसरी पायरी: ८६४०० ने भागा. उत्तर १९६७३.२०३ असं काहीतरी येईल. पूर्णांक १९६७३, हे झाले पूर्ण दिवस. बाकी काढायला १९६७३ × ८६४०० = १६९९७४७२०० हे १६९९७६४७५७ मधून वजा करा. उरले १७५५७ सेकंद.

तिसरी पायरी, वेळ. १७५५७ ला ३६०० ने भागलं की ४ तास आणि उरले ३१५७. ते ६० ने भागले की ५२ मिनिटं आणि उरले ३७ सेकंद. म्हणजे पहाटे ४ वाजून ५२ मिनिटं ३७ सेकंद.

चौथी पायरी, तारीख. १ जानेवारी १९७० पासून १९६७३ दिवस उलटलेत. प्रत्येक वेळी १९७० पासून वर्षं मोजत बसण्यापेक्षा काही वर्षांच्या १ जानेवारीचे दिवस वहीत लिहून ठेवा: २०१० साठी १४६१०, २०२० साठी १८२६२, २०२१ साठी १८६२८, २०२२ साठी १८९९३, २०२३ साठी १९३५८, २०२४ साठी १९७२३, २०२५ साठी २००८९, २०२६ साठी २०४५४. १९६७३ च्या आतला सगळ्यात मोठा आकडा १९३५८, म्हणून वर्ष २०२३. उरले ३१५ दिवस. २०२३ लीप वर्ष नव्हतं, तेव्हा ऑक्टोबर संपेपर्यंत ३०४ दिवस होतात. ३१५ वजा ३०४ म्हणजे ११. नोव्हेंबरचे ११ दिवस पूर्ण होऊन बारावा चालू आहे, म्हणून १२ नोव्हेंबर. उलटलेले दिवस आणि चालू तारीख यांत हा एकाचा फरक नेहमी राहतो. नवखी मंडळी इथे हमखास एक दिवस मागे राहतात.

आता वाराने पडताळा घेऊ. १९६७३ ला ७ ने भागा, बाकी ३. गुरुवारपासून तीन वार पुढे: शुक्र, शनि, रवि. १२ नोव्हेंबर २०२३, रविवार. कॅलेंडर काढून बघा, त्या दिवशी रविवारच होता आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी होतं. पहिल्या आंघोळीचा फोटो आपल्या जागी गेला.

कुणी विचारेल, अधूनमधून घड्याळात लीप सेकंद घालतात, त्याचं काय? १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी आला. पण युनिक्स टाइम ते सेकंद मोजतच नाही, त्याचा दिवस कायम ८६४०० सेकंदांचा. म्हणूनच आपला साधा भागाकार बिनचूक चालतो.

हजार आकडे असतील तर: एक्सेल किंवा गूगल शीट

एखाद-दुसरा आकडा हाताने सोडवणं ठीक आहे, त्यातून समज पक्की होते. पण फोटोंची यादी, एसएमएसचा बॅकअप, दुकानाच्या ऑनलाइन पेमेंटचा रिपोर्ट यांत हजारो ओळी असतात. तिथे स्प्रेडशीटच हवी.

एक्सेलसुद्धा तारीख ही दिवसांच्या आकड्यानेच ठेवतं, फक्त त्याची मोजणी १९०० पासून. त्याच्या हिशेबात १ जानेवारी १९७० म्हणजे २५५६९ वा दिवस. गूगल शीटमध्येही हाच आकडा चालतो. तेव्हा टाइमस्टँप ए२ या सेलमध्ये असेल तर बी२ मध्ये हा फॉर्म्युला लिहा:

=(ए२+१९८००)/८६४००+२५५६९

आपल्या उदाहरणात उत्तर ४५२४२.२०३२ असं दिसेल. घाबरू नका, हीच तारीख आहे, तिला फक्त तारखेचे कपडे घालायचे राहिलेत. एक्सेलमध्ये तो कॉलम निवडून कंट्रोल आणि १ दाबा, तारीख आणि वेळ दोन्ही दाखवणारा फॉरमॅट निवडा. गूगल शीटमध्ये ‘फॉरमॅट’ मेनूत ‘नंबर’ आणि त्यात ‘डेट टाइम’. लगेच १२ नोव्हेंबर २०२३, ४:५२:३७ उमटेल. मग सेलच्या कोपऱ्यातला ठिपका धरून खालपर्यंत ओढा.

तेरा अंकी आकडा असेल तर आधी हजाराने भागा: =(ए२/१०००+१९८००)/८६४००+२५५६९. गूगल शीटमध्ये ‘इपॉक टू डेट’ नावाचं तयार फंक्शनही आहे, नाव जोडून लिहायचं. त्यात दुसरा आकडा १ दिला की सेकंद, २ दिला की मिलिसेकंद, ३ दिला की मायक्रोसेकंद. मात्र ते यूटीसी देतं, आपले साडेपाच तास वरून मिळवावे लागतात. मला वरचा लांब फॉर्म्युलाच आवडतो, कारण त्यात १९८०० डोळ्यांसमोर दिसतो. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्यालाही कळतं की ही भारतीय वेळ आहे. त्यासाठी कॉलमच्या मथळ्यातही नुसतं ‘तारीख’ न लिहिता ‘तारीख, भारतीय वेळ’ असं लिहा.

दिवसवार बेरीज करायची असेल, उदाहरणार्थ रोजची विक्री, तर फॉर्म्युल्याभोवती ‘आयएनटी’ घाला म्हणजे अपूर्णांक उडून निव्वळ दिवस उरेल. पण १९८०० मिळवल्यानंतरच. ते न मिळवता दिवस पाडले तर पहाटे साडेपाचच्या आधीची सगळी विक्री आदल्या दिवसात जमा होते. दूधवाला, पेपरवाला, फुलांचा घाऊक व्यापारी यांचा तर धंदाच त्या वेळेत होतो.

एक्सेलबद्दल एक धोक्याची सूचना. बारा किंवा जास्त अंकांचा आकडा एक्सेल आपल्या मनाने १.६९९७४ई+१२ असा आखडून दाखवतं. आत आकडा पूर्ण असतो, पण त्याच अवस्थेत तुम्ही फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह केलीत तर दिसतं तेवढंच लिहिलं जातं आणि बाकीचे अंक कायमचे जातात. शिवाय एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं, सोळाव्यापासून पुढे शून्यं भरतं. तेव्हा मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत काढा आणि आयात करताना तो कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या.

जुन्या मॅकवर बनलेल्या काही एक्सेल फाइलींत मोजणी १९०४ पासून असते. सगळ्या तारखा चार वर्षं आणि एक दिवस सरकलेल्या दिसल्या तर २५५६९ ऐवजी २४१०७ वापरून बघा.

लिनक्सवर टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी: ‘डेट’ ही आज्ञा, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा डी, पुन्हा जागा, मग ईमेलमधलं ॲट चिन्ह आणि त्याला चिकटून आकडा. मॅकवर उणे आर आणि आकडा, ॲट चिन्ह नको. दोन्हीकडे उत्तर त्या संगणकाच्या टाइमझोनमध्ये येतं. भाड्याच्या सर्व्हरवर टाइमझोन बहुधा यूटीसी असतो हे विसरू नका.

इंटरनेटवर आकडा टाकून तारीख देणारी पानं पुष्कळ आहेत. नुसता आकडा टाकायला हरकत नाही. मात्र तिथे साधारणपणे दोन उत्तरं येतात, एक जीएमटी, म्हणजे इथे यूटीसीच, आणि एक तुमच्या ब्राउझरच्या वेळेचं. कुठलं उचलताय ते बघा. आख्खा बॅकअप किंवा व्यवहारांची यादी मात्र अशा पानावर चिकटवू नका, त्यात इतरांचे नंबर आणि निरोप असतात.

उलटा प्रवास: तारखेवरून आकडा

तारखेवरून आकडा काढायची वेळ बहुधा गाळणी (फिल्टर) लावताना येते: ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंतच्या नोंदी द्या’. पायऱ्या त्याच, उलट क्रमाने, आणि १९८०० शेवटी वजा.

१ मे २०२६, सकाळी ८ वाजता घेऊ. २०२६ चे दिवस २०४५४. एप्रिलअखेरपर्यंत ३१ + २८ + ३१ + ३० = १२०. १ मे असल्याने त्या महिन्यातला एकही दिवस अजून पूर्ण झालेला नाही. बेरीज २०५७४. त्याला ८६४०० ने गुणलं की १७७७५९३६००. ८ तासांचे २८८०० मिळवले की १७७७६२२४००. त्यातून १९८०० वजा: १७७७६०२६००. झालं. स्प्रेडशीटमध्ये हेच =(बी२-२५५६९)*८६४००-१९८०० असं लिहा आणि सेलचा फॉरमॅट साधा नंबर ठेवा. अपूर्णांकांमुळे शेवटी ०.०००१ सारखी शेपटी आली तर ‘राउंड’ लावा.

आर्थिक वर्षाचा हिशेब हा यातला सगळ्यात उपयोगी प्रकार. २०२५-२६ च्या नोंदी हव्यात तर सुरुवात १ एप्रिल २०२५ च्या मध्यरात्री, भारतीय वेळेनुसार १७४३४४५८००. शेवट मात्र ‘३१ मार्च २०२६’ असा धरू नका. नुसतं ३१ मार्च लिहिलं की संगणक त्या दिवसाची सुरुवात धरतो आणि अख्खा ३१ मार्च, म्हणजे वर्षाचा सगळ्यात गर्दीचा दिवस, हिशेबाबाहेर जातो. रात्रीचे ११:५९:५९ लिहिले तर मिलिसेकंदवाल्या नोंदी शेवटच्या एका सेकंदात निसटू शकतात. योग्य रीत अशी: आकडा १७४३४४५८०० किंवा त्याहून मोठा, आणि १ एप्रिल २०२६ च्या मध्यरात्रीच्या १७७४९८१८०० पेक्षा लहान. ‘पेक्षा लहान’, ‘इतका’ नव्हे. दोन्हींमधला फरक ३१५३६०००, बरोबर ३६५ दिवसांचा. गाळणी लावण्यापूर्वी ही वजाबाकी करून बघण्याची सवय फार चांगली.

तारीख अक्षरी रूपात कुणाला पाठवायची असेल तर ०५/०१/२०२६ असं लिहू नका. आपल्याकडे ती ५ जानेवारी, अमेरिकेत १ मे. वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम वापरा: २०२६-०५-०१. पुढे टी हे अक्षर, मग वेळ, आणि शेवटी +०५:३० जोडलं की कुठली वेळ हेही त्यातच आलं. तुमच्याकडे आलेल्या अशा तारखेच्या शेवटी झेड हे अक्षर असेल तर ती यूटीसी.

१९७० च्या आधीच्या तारखा

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा १९७० च्या अलीकडच्या नसतात, म्हणून हे यायलाच हवं. तिथे आकडा उणे होतो, बाकी काही बदलत नाही. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं त्या १ मे १९६० ची सुरुवात म्हणजे उणे ३०५१८४६००. त्यात १९८०० मिळवले की उणे ३०५१६४८००, त्याला ८६४०० ने भागलं की बरोबर उणे ३५३२ दिवस. स्प्रेडशीटचा फॉर्म्युला उणे आकड्यालाही तसाच चालतो. हाताने करताना मात्र भागाकार पूर्ण सुटला नाही तर उत्तर मागच्या, म्हणजे जास्त उणे असलेल्या पूर्णांकाकडे न्यायचं आणि बाकी नेहमी अधिक ठेवायची. उणे ३५३१.४ आलं तर दिवस उणे ३५३२.

काही ॲपना उणे आकडा सोसत नाही आणि ती जन्मतारीख रिकामी ठेवतात किंवा १९७० दाखवतात. अशा ठिकाणी तारीख अक्षरीच साठवावी. खरं तर जन्मतारखेला टाइमस्टँप वापरूच नये. वाढदिवस हा क्षण नाही, दिवस आहे. टाइमझोन बदलला म्हणून तो आदल्या दिवशी सरकता कामा नये.

आणखी मागे जायचं असेल तर १९८०० वर डोळे मिटून विसंबू नका. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली, पण मुंबईने आपली जुनी, यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची वेळ त्यानंतरही बराच काळ सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ मध्ये देशातली घड्याळं एक तास पुढे होती. आता भारतात घड्याळ मागे-पुढे होत नाही. आपलं गणित एवढं सोपं आहे ते त्यामुळे. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना उन्हाळ्याचा एक निराळा आकडा आणि हिवाळ्याचा एक निराळा लागतो. त्यांनी हाताने बेरीज न करता टाइमझोनचं नाव घेणारं साधन वापरावं.

उत्तर विचित्र आलं तर

चुकीचं उत्तरच बहुतेक वेळा चूक कुठे आहे ते सांगतं.

१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० दिसलं तर आकडा शून्य आहे. म्हणजे तारीख भरलेलीच नाही, सेल किंवा नोंद रिकामी आहे. अमेरिकेत हीच रिकामी नोंद ३१ डिसेंबर १९६९ च्या संध्याकाळी दिसते.

जानेवारी १९७० चा तिसरा आठवडा दिसला तर सेकंदांना मिलिसेकंद समजलं गेलंय. आपला १६९९७४४९५७ जावास्क्रिप्टला तसाच दिला तर २० जानेवारी १९७० येते. हजाराने गुणून द्या. उलट वर्ष पंचावन्न हजारांच्या घरात गेलं तर मिलिसेकंदांना सेकंद समजलं गेलंय, हजाराने भागा.

वेळ बरोबर साडेपाच तास मागे असेल तर १९८०० मिळवायचे राहिले. साडेपाच तास पुढे असेल तर दोनदा मिळवले गेले. हे फार होतं, कारण एखादं साधन आधीच भारतीय वेळ देतं आणि वर आपण पुन्हा बेरीज करतो. अकरा तासांचा फरक आला तर मिळवायच्या जागी वजा केलंय.

नऊ अंकी आकडा ७ किंवा ८ ने सुरू होत असेल आणि उत्तर १९९० च्या दशकात जात असेल, तर तो ॲपलच्या पद्धतीचा असण्याची दाट शक्यता आहे. तिथे मोजणी १ जानेवारी २००१ पासून. त्यात ९७८३०७२०० मिळवा की युनिक्सचा आकडा मिळेल. आयफोनच्या निरोपांच्या फाइलीत हेच नॅनोसेकंदांत, म्हणून अठरा अंकी दिसतं. पण सुरुवात १३ ने असेल तर ते विंडोज किंवा क्रोम. त्यांचा आरंभ १ जानेवारी १६०१. क्रोमच्या हिस्ट्रीत सतरा अंकी मायक्रोसेकंद, विंडोजमध्ये अठरा अंकी आणि माप सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचं. सेकंदांत आणून ११६४४४७३६०० वजा करा. १६०१ का, तर ग्रेगोरियन कॅलेंडरचं लीप वर्षांचं चक्र ४०० वर्षांचं आहे आणि १६०१ ला एक चक्र सुरू होतं.

शेवटची अडचण पुढच्या काळातली आहे, पण तिची तयारी आजच करावी लागते. जुन्या प्रणालींत या आकड्याला ३२ बिटांचीच जागा असते आणि त्यात २१४७४८३६४७ च्या पुढे मोजता येत नाही. तो क्षण १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला असा संगणक थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातो. नव्या फोनमध्ये आणि संगणकांत ६४ बिटांची जागा असल्याने तिथे काळजी नाही. पण मायएसक्यूएल डेटाबेसमधला ‘टाइमस्टँप’ हा प्रकार २०३८ लाच थांबतो, आणि वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आजच त्या तारखेपलीकडे जातो. सोसायटीचं, पतपेढीचं किंवा दुकानाचं सॉफ्टवेअर कुणाकडून बनवून घेत असाल तर एक चाचणी जरूर करून घ्या: १ एप्रिल २०४० ही तारीख भरा, सेव्ह करा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि तीच तारीख परत येते का ते बघा.